बेडपॅनसाठी जावई सोडला

त्याचं नाव फानुएल. आता मी ते बिनदिक्कत घेते, पण सोळा वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सासूनं जावयाचं नाव घ्यायचं नाही, त्यानं सासूचं घ्यायचं नाही, समोरासमोर जेवायचं नाही, थेट बोलायचं नाही, आणि वाटेत गाठ पडलीच तर एकानं बाजूच्या मक्यात शिरायचं. बहुतेक वेळा तोच शिरायचा. एकाच अंगणात दोन घरं, मध्ये पपईचं एक झाड, आणि दिवसातून दहा वेळा माणसानं मक्यात शिरायचं, म्हणजे त्याच्या अंगाला किती कुसळं लागली असतील ते बघा. पण कुरकुर नाही. माझी लेक फालेसी त्याला दिली तेव्हा तो आमच्या गावात राहायला आला, जसे सगळेच जावई येतात, आणि चहामळ्याच्या फाटकाशी सायकली दुरुस्त करायला लागला. त्याच फाटकाशी मी तीस वर्षं मांदासी, पिठाचे गोड गोळे, तळून विकली. तो रस्त्याच्या या बाजूला, मी त्या बाजूला, आणि दोघांच्या माना दोन दिशांना.

फालेसी खोकून खोकून गेली, माझा पाय मोडायच्या दोन वर्षं आधी. मूलबाळ नव्हतं.

माझा पाय मोडला तो आंब्यावरून पडून. चौसष्ट वर्षांची बाई आंब्यावर कशाला चढली, हे लोकांनी इतक्यांदा विचारलंय की आता मी उत्तर देत नाही. आंबे काढायलाच चढले, दुसरं काय तिथे नाचायला जातात का? फांदी ओली होती. मांडीचं हाड मधोमध गेलं. आवाज ऐकून फानुएल धावत आला आणि दहा पावलांवर पाठ फिरवून उभा राहिला, कारण माझं कमरेला गुंडाळलेलं चितेंजे मांडीच्या वर सरकलं होतं. तसाच पाठमोरा उभा राहून त्यानं शेजारणींना हाका मारल्या. त्या येईपर्यंत मी मातीत पडून त्याच्या शर्टाचं ठिगळ बघत होते. मला त्याचा राग नाही आला. तसंच करायचं असतं.

जिल्ह्याचं हॉस्पिटल ट्रकनं तीन तासांवर. तिथल्या डॉक्टरनं माझ्या नडगीतून एक सळई आरपार घातली, सळईला दोरी बांधली, दोरी पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडली आणि खाली पिशवीत वजन म्हणून विटा घातल्या. आठ आठवडे असंच उताणं पडायचं. कूस वळायची नाही, उठून बसायचं नाही.

"आणि पेशंटबरोबर कोण आहे?" सिस्टर चिसालेंनी विचारलं.

तिथे हा पहिला प्रश्न. गोळ्या हॉस्पिटल देतं, सळई हॉस्पिटल देतं. मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवायचा, अंग पुसायचं, चादर धुवायची, बेडपॅन द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या माणसानं करायचं. साठ बायकांचा वॉर्ड, दिवसाला दोन सिस्टर आणि एक मावशी. त्यांना तरी हात किती असणार.

माझी भाची डोरिका माझ्याबरोबर होती. सात दिवस तिनं सगळं केलं. आठव्या दिवशी ती पलंगाजवळ उभी राहून चितेंजेचं टोक पिळत राहिली.

"मावशी, माझा मका पेरायचा राहिलाय."

"मग जा की. मका कोण पेरणार, ही वीट?"

"पण तुमचं कसं?"

"माझं होईल."

पेरणीचे दिवस होते. गावातली प्रत्येक बाई शेतात वाकलेली होती. आठ आठवडे कोण येऊन बसणार? डोरिका रडत रडत गेली आणि तिच्या जागी फानुएल आला. सायकलचं दुकान बंद करून, पातेलं आणि पिठाची पिशवी घेऊन.

तो मागच्या अंगणात, इतर पेशंटांच्या नातेवाइकांबरोबर तीन दगडांच्या चुलीवर रांधायचा. दहा वाजता भेटीची घंटा झाली की वॉर्डच्या दाराबाहेर येऊन बसायचा, तोंड व्हरांड्याकडे करून. माझ्या शेजारच्या पलंगावर एस्नार्ट नावाची दणकट बाई होती. मिनीबस उलटून हात मोडलेला, पण तोंड शाबूत. तिची बहीण तिच्याबरोबर होती. तीच माझी थाळी दारातून आत आणायची.

"अहो जावईबापू," एस्नार्ट पलंगावरून हाळी द्यायची, "सासूबाई विचारतायत, न्सिमात गुठळ्या मुद्दाम घातल्यात की आपोआप झाल्या?"

मी काहीएक विचारलेलं नसायचं. बाहेरून थोड्या वेळानं उत्तर यायचं, "सासूबाईंना सांगा, उद्या जास्त घोटतो."

"आणि सुकट खारट आहे."

"सांगा, उद्या दोनदा धुतो."

सगळा वॉर्ड हसायचा. मीही हसायचे, पण हसताना मांडीत कळ यायची.

बेडपॅन एस्नार्टच्या बहिणीनं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा द्यायचं ठरलं. ती बिचारी परकी बाई, तिला तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं. सकाळी एक घोट, गोळीपुरता, बास. मी काही एकटी शहाणी नव्हते. त्या वॉर्डात जिच्याजवळ आपलं माणूस नव्हतं ती प्रत्येक बाई पाण्याचा पेला हाताला लागणार नाही असा लांब सरकवून ठेवायची. जीभ टाळूला चिकटायची आणि आम्ही एकमेकींना सांगायचो, तहानच नाही लागत बाई इथे.

तिसऱ्या आठवड्यात एस्नार्ट घरी गेली आणि तिच्याबरोबर तिची बहीणही गेली.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी ओल्यात पडून राहायला लागले. वॉर्डची मावशी येईल तेव्हा येणार. कधी दुपारी, कधी तिसऱ्या प्रहरी. वास माझा मलाच यायचा. समोरच्या पलंगावरची मुलगी भिंतीकडे तोंड करून जेवायची. माकडहाडाशी आग व्हायला लागली, मग आग थांबली, आणि ते जास्त वाईट असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लघवीला जळजळ, अंगात ताप. तीस वर्षं मी पहाटे उठून आंघोळ केल्याशिवाय पिठाला हात लावला नव्हता. बाई चोख म्हणून लोक माझ्याकडून घ्यायचे. तीच मी अशी पडले होते, आणि थकले होते इतकी की रडायलाही त्राण उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला रक्त कमी आहे. फानुएल लगेच जाऊन बाटलीभर रक्त देऊन आला. त्याचा गट माझ्या गटाशी जुळला आणि ते रक्त मला चढवलं. त्याचं रक्त माझ्या अंगात गेलं ते सगळ्यांना चाललं, मला चाललं, त्याला चाललं. त्याबद्दल आमच्या वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर चिसालेंनी मला कुशीवर थोडं उचलून मागची जखम बघितली.  दारापाशी जाऊन त्यांनी फानुएलला हाक मारली.

"अहो, तुम्ही. आत या. हे भांडं. हे असं सरकवायचं. दर दोन तासांनी कमरेखाली हात घालून उचलायचं, पुसायचं, कोरडं करायचं. मी पडदा लावून देते."

तो उठला आणि चालायला लागला. नळापाशी सिस्टरनी त्याला गाठलं. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"सिस्टर, माझा एक पाय कापून त्यांना लावा म्हणालात तर आत्ता झोपतो. हे नका सांगू."

"पायाचं काय करू मी? मला हात पाहिजेत."

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

"दिसतंय मला."

सिस्टर परत आल्या तेव्हा मी त्यांच्यावरच खेकसले. "त्याला काही बोलू नका. त्यानं हात लावला तर तेच भांडं मी त्याच्या डोक्यात घालीन."

"मग मरा," त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमून म्हणाल्या. "जखम हाडापर्यंत गेली की ही दोरी काढावी लागेल. मग पाय वाकडा. नाहीतर पेटी. तीन आठवड्यांत हे झालंय, अजून पाच आहेत. मी किती जणींना वळवू?" आणि अर्ध्या तासानं येऊन त्यांनी स्वतःच मला वळवलं, पुसलं, कोरडं केलं. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या दंडावर पडला. त्यांची ड्युटी केव्हाच संपली होती.

मी दोन दिवस विचार केला. आता जे सांगते ते माझ्या भावालाही मी सरळ सांगितलं नव्हतं.

बायको वारली की जावयाला मोकळं करायचं असतं. तिच्या घरच्यांनी, त्याच्या मामासमोर, चार शब्द बोलून आणि मामाच्या हातात एक कोंबडी देऊन. मग तो त्यांचा जावई राहत नाही. आपल्या गावी जातो, नवं घर मांडतो. फालेसीच्या मयतीच्या जेवणानंतरच माझ्या थोरल्या भावानं, बिझवेकनं, विषय काढला होता. आमच्या घराण्यात हे त्यानंच करायचं. मी म्हटलं, छप्पर होऊ दे. छप्पर झालं तर म्हटलं, मका घरात येऊ दे. मका आला तर म्हटलं, बघू. फानुएलनं एका शब्दानं विचारलं नाही. रोज सकाळी माझी घागर भरलेली असायची, माझ्या दारातलं लाकूड फोडलेलं असायचं. त्याला मोकळा केला तर हे कोण करणार, एवढंच माझ्या मनात होतं. लेकीचं दुःख वगैरे मी लोकांना सांगायचे. खरं ते हे.

सिस्टरचा फोन मागून मी बिझवेकला बोलावलं. "याच्या मामाला घेऊन ये. आणि कोंबडी."

"हॉस्पिटलात कोंबडी?"

"मग मी येऊ का विटा घेऊन?"

चार दिवसांनी दोघं म्हातारे आले. फालोंबेहून आलेला मामा टोपी हातात धरून, आणि बिझवेक कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, घामाघूम. कोट मध्येच हलत होता. फानुएल दाराशी उभा होता, त्याला बोलावणं कशाचं ते सांगितलेलं नव्हतं.

"हे काय आहे?" सिस्टर चिसाले कोटाकडे बघत म्हणाल्या.

"घरचं काम आहे, बाई," बिझवेक म्हणाला.

"तुमचं घरचं काम ओरडतंय."

मी त्यांना सांगितलं काय करायचंय आणि कशासाठी.  त्यांनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं. मेट्रनच्या फेरीआधी ते पाखरू बाहेर."

बिझवेकनं पडद्याआड आवाज खाली आणला. "एनेरेसी, मी वाटेत विचार केला. लोक काय म्हणतील? बेडपॅनसाठी जावई सोडला?"

"म्हणू देत."

"आणि मोकळा केला म्हणून काय लाज लगेच संपते?"

"मूल असतं तर नसती संपली. मूल आहे का?"

"नाही."

"मग कसलं नातं राहिलं? तूच सांग, तू मोठा."

"तसं नाही राहत," तो म्हणाला, पण पटल्यासारखा नाही.

"दोन वर्षं मी त्याला छपरासाठी अडवून ठेवला, दादा. तेव्हा तुला लोक नाही आठवले. आता बेडपॅनसाठी सोडते तर आठवतात. मला इथे सडायला लागलंय. खाली बघ, वास घे, आणि मग लोकांचं सांग."

त्याला वास आला होताच. डोळे पुसून तो उठला. फानुएलला पडद्याच्या कडेशी उभा करून तो म्हणाला, "आमची पोर तुम्हाला दिली होती, ती आता नाही. तिच्यामुळे तुम्ही आमचे होतात. आमचं तुमच्याकडे काही मागणं नाही, तुमचं आमच्याकडे नाही. तुमच्या पायांना वाट मोकळी आहे." कोंबडी मामाच्या हातात गेली. मामानं दोन्ही हातांनी ती घेतली आणि मान खाली घातली. झालं. सोळा वर्षांचं सगळं तेवढ्यात झालं.

फानुएलनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. माझ्याकडे नाही. टोपी घातली आणि मामाबरोबर निघून गेला.

मी त्याला सांगायला विसरले होते. मोकळं कशासाठी केलं ते बिझवेकला सांगितलं, सिस्टरना सांगितलं, वॉर्डातल्या अर्ध्या बायकांना कळलं, आणि ज्याला सांगायचं त्याच्याशी थेट बोलायची सवयच नव्हती. बिझवेकला ट्रक गाठायचा होता, तोही गेला. मी पडून राहिले. म्हटलं, एनेरेसी, आता तर दारात बसणारंही कोणी उरलं नाही. त्याच्यावर रागवायचा मला हक्क नव्हता, आणि तरी मी रागावले. दोन वर्षं ज्याला मी अडवलं तो सुटल्या सुटल्या पळाला, तर पळेल नाहीतर काय. असा विचार करत करत मी पुन्हा ओली झाले.

चार वाजता पडदा सरकला. फानुएल. हातात प्लॅस्टिकचं घमेलं, साबण, गरम पाण्याची किटली, खांद्यावर कोरं चितेंजे. मामाला बसमध्ये बसवून, बाजारातून जाऊन तो आला होता. सिस्टरनी नळापाशी हात मागितले होते ते तो विसरला नव्हता; मोकळं कशासाठी केलं ते न सांगताच त्याला कळलं होतं.

"आजी," तो म्हणाला, जसा वॉर्डातला कोणीही कोणत्याही म्हातारीला म्हणेल तसा, "मी कमरेखाली हात घालतो. दुखलं तर सांगा."

मी डोक्याचं फडकं तोंडावर ओढून घेतलं आणि त्याचं काम होईस्तोवर काढलं नाही. ते सायकलवाल्याचे हात, काय कुठे धरायचं ते त्यांना कळत होतं. सगळं कोरडं झालं. मी फडक्याआड रडले. लाज होती, आणि कोरडं असण्याचं सुख होतं, आणि कुठलं जास्त होतं ते सांगता येत नाही.

मग तो म्हणाला, "आता पाणी प्या. पूर्ण पेला."

दुसऱ्या पाळीला नवी सिस्टर आली. तिनं विचारलं, "आजी, हा कोण तुमचा?"

"कोणी नाही," मी म्हटलं. आणि खरं तेच होतं.

फानुएल बडबड्या निघाला. मला कुठून माहीत असणार? सोळा वर्षं मी त्याला मुका समजत होते. हात चालू की तोंड चालू. कुणाच्या सायकलची साखळी कशी तुटली, मळ्याचा मुकादम पंक्चरचे पैसे बुडवायला काय काय सांगतो, फालोंबेला पूर आला तेव्हा त्याच्या मामाचं पातेलं कुठवर वाहत गेलं. पहिले दोन दिवस मी फडक्याआडून ऐकलं, मग फडकं काढलं. वॉर्डातल्या बायकाही ऐकायला लागल्या, आधी ज्यांनी वॉर्डात पुरुष नको म्हणून तोंडं वाकडी केली होती त्याही. जखम भरत आली. न्सिमात गुठळ्या राहिल्याच, पण आता मी स्वतः शिव्या देत होते.

एकदा माझे पाय पुसताना तो म्हणाला, "फालेसीचे पाय असेच होते, टाचा रुंद."

"माझ्याच की."

"आम्ही ब्लांटायर शहरात राहायला जाणार होतो. तिथे माझा मित्र सायकलच्या मोठ्या दुकानात होता, खोलीही बघून ठेवली होती त्यानं." तो दुसरा पाय पुसायला लागला. "ती म्हणाली, आई एकटी पडेल."

"केव्हा?"

"लग्नानंतर चौथ्या वर्षी. मग पुन्हा सहाव्या."

  मुलीनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो मला बघून मक्यात शिरत होता.

आठव्या आठवड्यात सळई काढली. दोन काठ्या दिल्या. ट्रकमध्ये त्यानं मला पोत्यांवर बसवलं आणि स्वतः उभ्यानं आला. घरी पोचल्यावर त्यानं माझ्या पलंगापासून संडासापर्यंत बांबू बांधला, धरून चालायला. दोन दिवस लागले त्याला. तिसऱ्या दिवशी दुकानाची हत्यारं पोत्यात भरून तो पपईपाशी उभा राहिला.

"आजी, पुढच्या पेरणीला येतो. पंधरा दिवस. तुमचं शेत करून जातो."

मला हो म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. पण पंधरा दिवसांचा महिना मी कसा करते ते मला माहीत आहे. मग छप्पर होऊ दे, मग मका येऊ दे.

"यायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हटलं ना. ब्लांटायरला जा. तो मित्र आहे का अजून?"

"आहे."

"मग जा."

 तो पोतं सायकलला बांधून गेला. मी बांबू सोडून, दोन काठ्यांवर, रस्त्यापर्यंत गेले. तेवढं चालता येत होतं मला.

लोक म्हणतात, एनेरेसी, नशीबवान आहेस, पाय सरळ जुळला. जुळला, खरंय. सोळा वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो आणि बोललो फक्त चार आठवडे. मला अजून त्याच्याशी पुष्कळ बोलायचं होतं.